उपचार संपले, बरे होणे बाकी

२ जुलै २०१२ रोजी राज्यातील आठ जिल्ह्यांत जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली आणि त्या आठांत नांदेड होते. पुढच्या वर्षी योजना राज्यभर पोचली, लातूरलाही आली. आज ती महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालते. किनवट किंवा निलंगा तालुक्यातल्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरात कर्करोग शिरला, तर जमीन न विकता शस्त्रक्रिया, केमोथेरपी आणि रेडिएशन होण्याची शक्यता या योजनेमुळे निर्माण झाली. ही मोठीच गोष्ट आहे. पण उपचारांचा सगळा हिशेब शस्त्रक्रिया, केमोचे डोस आणि रेडिएशनचे दिवस यांतच मांडला जातो. शेवटचा डोस झाला की डिस्चार्ज कार्डावर पुढच्या तपासणीची तारीख पडते आणि रुग्ण बार्शीहून, छत्रपती संभाजीनगरहून किंवा मुंबईच्या टाटा रुग्णालयातून गावी परततो. त्यानंतरच्या महिन्यांची जबाबदारी कोणाचीच नसते. अंगात त्राण नाही, झोप लागत नाही, कशात मन रमत नाही, ही तक्रार सुरू होते आणि घरचे मायेने सांगतात, ‘आता फक्त आराम कर.’ हा सल्ला बहुतेक रुग्णांच्या बाबतीत चुकीचा आहे, असे आता पुराव्यानिशी म्हणता येते. कर्करोगानंतरचा थकवा, मनाची उदासी आणि शरीरात धुमसत राहणारा दाह या तिन्ही गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या आहेत. हा गुंता सोडवण्याचा एक खात्रीचा मार्ग स्नायूंमधून जातो. म्हणून शरीराची ताकद परत मिळवणे हा उपचाराचाच भाग आहे आणि तो कागदावर लिहून दिला गेला पाहिजे.

हा थकवा दिवसभराच्या कामाने येणाऱ्या थकव्यासारखा नसतो. रात्रभर झोपूनही तो उतरत नाही आणि काही रुग्णांत उपचार संपल्यावर वर्षानुवर्षे टिकतो. ‘केमोची उष्णता आहे, जाईल’ किंवा ‘मनाचे खेळ आहेत’ अशी दोन स्पष्टीकरणे आपल्याकडे सर्रास दिली जातात. दोन्ही अपुरी आहेत. ताप आलेल्या माणसाला भूक नसते, कोणाशी बोलावेसे वाटत नाही, पांघरूण घेऊन पडून राहावेसे वाटते. हे दुबळेपण रोगजंतूंनी लादलेले नसते. आपल्याच प्रतिकारयंत्रणेतील पेशी इंटरल्युकिन-१, इंटरल्युकिन-६, टीएनएफ-अल्फा असे निरोप्या रेणू सोडतात, ते मेंदूपर्यंत पोचतात आणि मेंदू शरीराला ‘थांब’ असे सांगतो. आठवडाभराच्या आजारात ही सोय उपयोगाची असते, कारण वाचलेली ऊर्जा लढाईसाठी वापरली जाते. कर्करोगात मात्र गाठ, शस्त्रक्रियेची जखम, रेडिएशनने दुखावलेल्या पेशी आणि केमोची औषधे हा दाह पेटवतात. उपचारांनंतरची निष्क्रियता, मोडलेली झोप आणि पोटावर साठणारी चरबी तो विझू देत नाहीत. करोनाच्या काळात सीआरपी ही रक्ततपासणी घराघरांत माहीत झाली, ती याच दाहाचे माप देते. लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातील ज्युलियन बॉवर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्तनाच्या कर्करोगातून बाहेर पडलेल्या स्त्रियांचा वर्षानुवर्षे अभ्यास केला. सतत थकलेल्या स्त्रियांच्या रक्तात दाहाच्या खुणा इतर स्त्रियांपेक्षा अधिक असल्याचे त्यांना दिसले.

दोन गोष्टी एकत्र दिसल्या म्हणून एकीमुळे दुसरी घडते असे होत नाही. उदास माणूस कमी हलतो, नीट खात नाही आणि त्यामुळे दाह वाढतो, असा उलटा प्रवासही संभवतो. या शंकेला सर्वांत ठोस उत्तर मिळाले ते एका औषधाच्या दुष्परिणामातून. मेलानोमा या त्वचेच्या कर्करोगात पूर्वी इंटरफेरॉन-अल्फा मोठ्या मात्रेत देत. हा प्रतिकारयंत्रणेला चेतवणारा रेणू आहे. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका प्रयोगात अशा ४० रुग्णांचे दोन गट केले गेले. इंटरफेरॉनबरोबर नुसती साखरेची गोळी मिळालेल्यांपैकी ४५ टक्के रुग्ण बारा आठवड्यांत तीव्र नैराश्यात गेले. आधीपासून पॅरॉक्सेटीन हे नैराश्यावरील औषध घेणाऱ्यांत हे प्रमाण ११ टक्केच राहिले. आजाराची भीती दोन्ही गटांत सारखीच होती. म्हणजे प्रतिकारयंत्रणा बाहेरून चेतवली तर मन खचू शकते आणि ते खचणे रोखताही येते. ‘मन घट्ट कर’ असे रुग्णाला सुनावण्यापूर्वी हा प्रयोग प्रत्येकाने आठवावा.

आता स्नायूंकडे वळू. स्नायू म्हणजे केवळ हाडे हलवणारे मांस नव्हे. कोपनहेगनच्या बेंटे क्लारलुंड पेडरसन यांच्या गटाने दाखवून दिले की काम करणारा स्नायू ग्रंथीसारखा वागतो आणि रक्तात स्वतःचे रेणू सोडतो. त्यांतला एक इंटरल्युकिन-६ आहे, ज्याला आपण वर दाहाच्या यादीत पाहिले. पण स्नायूंतून व्यायामाच्या वेळी थोडा काळ बाहेर पडणारा हा रेणू दाह शमवणाऱ्या रेणूंना जागे करतो. २००३ मध्ये या गटाने निरोगी स्वयंसेवकांना जिवाणूच्या विषाचा अत्यल्प अंश टोचला. विश्रांती घेणाऱ्यांच्या रक्तात टीएनएफ-अल्फा दोन ते तीन पटींनी वाढला. तीन तास व्यायामाची सायकल चालवणाऱ्यांत तो वाढलाच नाही. दुसरा धागा २०१४ मध्ये स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेतील संशोधकांना सापडला. दाह असताना शरीरात किन्युरेनीन हा पदार्थ वाढतो, तो मेंदूत शिरतो आणि नैराश्याशी त्याचा संबंध आहे. कसलेला स्नायू त्याचे अशा रूपात परिवर्तन करतो की ते रूप मेंदूत शिरूच शकत नाही. हा प्रयोग मुख्यतः उंदरांवरचा आहे, पण नियमित व्यायाम करणाऱ्या माणसांच्या स्नायूंतही हे परिवर्तन करणारे विकर वाढलेले आढळले. व्यायामाने ‘बरे वाटते’ यामागे असे रसायन आहे.

प्रयोगशाळेतले रसायन रुग्णाच्या अंगणात उतरते का, हा खरा प्रश्न. बॉवर यांनी थकव्याने त्रस्त ३१ स्त्रियांवर केलेल्या प्रयोगासाठी पुण्याच्या बी. के. एस. अय्यंगार यांची योगपद्धती निवडली होती. बारा आठवड्यांनंतर योग करणाऱ्यांचा थकवा, नुसती आरोग्याची माहिती मिळालेल्या स्त्रियांच्या तुलनेत, स्पष्टपणे घटला आणि त्यांच्या प्रतिकारपेशींतील दाहाच्या जनुकांची हालचालही मंदावली. ओहायो स्टेट विद्यापीठातील २०० स्त्रियांचा योगाचा प्रयोग २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात वर्ग संपल्यावर लगेच थकव्यात फरक दिसला नाही. तो तीन महिन्यांनी दिसला आणि तेव्हा रक्तातील दाहाचे तीन निर्देशकही खाली आलेले होते. पहिल्या पंधरवड्यात ‘काही फरक नाही’ म्हणून सोडून देणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. त्यापुढचा टप्पा २०२५ च्या जूनमध्ये आला. मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या ८८९ रुग्णांवरील ‘चॅलेंज’ नावाचा प्रयोग, मुख्यतः कॅनडा आणि ऑस्ट्रेलियात, पंधरा वर्षे चालला. शस्त्रक्रिया आणि केमोनंतर एका गटाला आरोग्याची पुस्तिका मिळाली, तर दुसऱ्याला तीन वर्षे प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली व्यायाम. आठ वर्षांनी व्यायामाच्या गटात ९०.३ टक्के रुग्ण हयात होते, पुस्तिकेच्या गटात ८३.२ टक्के. व्यायाम म्हणजे काय, तर बहुतेकांसाठी आठवड्यातून तीन-चार वेळा पाऊण ते एक तास झपाझप चालणे.

यावर पहिला आक्षेप असा की जे मुळात धडधाकट तेच व्यायाम करू शकतात, त्यामुळे श्रेय व्यायामाला देणे अन्यायाचे. नुसत्या निरीक्षणांवर हा आक्षेप बरोबर लागू पडतो. पण वरच्या प्रयोगांत कोण कोणत्या गटात जाणार हे चिठ्ठी टाकल्यासारखे ठरले होते, म्हणून येथे तो टिकत नाही. एक मर्यादा मात्र मान्य करायला हवी. आयुष्य वाढल्याचा भक्कम पुरावा आज आतड्याच्या कर्करोगापुरता आहे. मराठवाड्यात तोंडाचे, गर्भाशयमुखाचे आणि स्तनाचे कर्करोग मोठ्या प्रमाणावर दिसतात. त्यांच्याबाबत तेवढाच दावा करणे घाईचे ठरेल. दाह कमी होण्याचे प्रमाणही माफक असते आणि सर्व प्रयोगांत सारखे नसते. थकवा, चिंता, उदासी आणि रोजचे जगणे यांवरचा फायदा मात्र अनेक कर्करोगांत पुन्हा पुन्हा दिसला आहे. म्हणूनच २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय शिफारशींनी आठवड्यातून तीनदा अर्धा तास मध्यम व्यायाम आणि दोनदा स्नायूंच्या ताकदीचा व्यायाम सुचवला. माझा आग्रह एवढ्याच भक्कम जमिनीवर उभा आहे.

दुसरा आक्षेप आपल्या मातीतला आहे. खुरपणी, सोयाबीनची काढणी, पाण्याच्या घागरी, सरपण हे सगळे करणाऱ्या बाईला व्यायाम कशाला? कष्ट आणि व्यायाम यांचा शरीरावरचा परिणाम एक नाही. कोपनहेगनमधील एक लाखाहून अधिक लोकांच्या २०२१ मधील अभ्यासात फावल्या वेळातील हालचालीने मृत्यूचा धोका घटलेला, तर कामावरच्या जड कष्टाने तो वाढलेला दिसला. कष्टात शरीर तासन्‌तास वाकलेले राहते, थांबण्याचा हक्क नसतो, ऊन टाळता येत नाही आणि तेच तेच स्नायू झिजतात. व्यायामात वेळ, जोर आणि विश्रांती आपण ठरवतो आणि भार हळूहळू वाढवतो. शिवाय कर्करोगानंतर बहुतेकांचे शेतातले काम थांबते. मग एक तर पूर्ण अंथरूण, नाहीतर घरच्या ओढगस्तीमुळे एकदम पूर्वीइतके राबणे, अशी दोन टोके उरतात. दोन्ही टोके घातक आहेत.

तिसरा आक्षेप भीतीचा आहे आणि तो आदराने ऐकला पाहिजे. स्तनाच्या शस्त्रक्रियेनंतर हाताला सूज येते, म्हणून त्या हाताने काही उचलू नका, असे डॉक्टरही वर्षानुवर्षे सांगत आले. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील प्रयोगात अशी सूज असलेल्या १४१ स्त्रियांपैकी सुमारे निम्म्या जणींना देखरेखीखाली, थोड्या थोड्या वाढीने, वजने उचलायला लावली. सूज वाढली नाही. उलट सूज बळावण्याचे प्रमाण वजने न उचलणाऱ्यांत २९ टक्के, तर उचलणाऱ्यांत १४ टक्केच होते. गुटखा आणि तंबाखूमुळे होणाऱ्या तोंडाच्या कर्करोगात मानेच्या गाठी काढताना खांद्याची नस दुखावते, हात वर जाईना होतो आणि माणूस चारचौघांत जाणे टाळू लागतो. अशा रुग्णांतही बारा आठवड्यांच्या ताकदीच्या व्यायामाने खांद्याचे दुखणे आणि अडचण कमी झाल्याचे सिद्ध झाले आहे. रहस्य ‘थोड्या थोड्या वाढीने’ या शब्दांत आहे. लातूर जिल्ह्याने १९७० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्ण जिंकणारे हरिश्चंद्र बिराजदार दिले, त्यामुळे तालीम येथे परकी नाही. पहिल्याच दिवशी वस्ताद कोणाला हजार जोर मारू देत नाही, तसेच हे आहे. काहींनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरुवात करू नये: रोग हाडांत पसरलेले, प्लेटलेट किंवा हिमोग्लोबिन फार घटलेले, हृदयावर ताण आणणारी डॉक्सोरुबिसिनसारखी औषधे घेतलेले. राज्यातील निम्म्याहून अधिक स्त्रिया रक्तक्षयी आहेत, म्हणून लोह आणि डाळ-उसळ, अंडी, दूध यांतील प्रथिने हा व्यायामाचाच भाग मानावा. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा चालणे पहाटेच व्हावे.

शेवटचा आक्षेप नैतिक आहे. ज्या घरावर कर्ज आहे, सोयाबीनला भाव नाही आणि शेजारी रुग्णाच्या ताटाला हात लावायला कचरतात, तिथली उदासी ‘चालून’ जाईल असे म्हणणे क्रूर नाही का? व्यायाम हा कर्जमाफीला, औषधाला किंवा समुपदेशनाला पर्याय आहे असा दावा कोणी केला तर तो क्रूरच आहे. रोग उलटला तर ‘तू व्यायाम केला नाहीस’ असा ठपका ठेवणे तर अक्षम्य. माझे म्हणणे उलटे आहे. उदासीचा काही भाग शरीरातून येतो, म्हणजे ती रुग्णाचा दोष नाही. ज्या भागावर गावातच, जवळपास खर्चाशिवाय उपाय करता येतो, तो भाग तरी आपण सोडू नये. जगणे नकोसे वाटत असेल तर १४४१६ या ‘टेलिमानस’ हेल्पलाइनवर त्याच दिवशी बोलावे.

हे सगळे येथे जमणार नाही, असे म्हणण्याचा अधिकार मराठवाड्याला नाही. १९८७ मध्ये देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी मराठवाड्याच्या सीमेलगतच्या बार्शीत सुरू झाली. ज्या उस्मानाबादमधून १९८२ मध्ये लातूर जिल्हा वेगळा झाला, तिथल्या १,३१,७४६ स्त्रिया १९९९ पासून गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणी-प्रयोगात सहभागी झाल्या. एचपीव्ही या विषाणूच्या एका चाचणीने मृत्यू जवळपास निम्म्यावर येतात, हे २००९ मध्ये जगाने या गावांकडून शिकले. जिथे एवढा प्रयोग झाला, तिथे उपचारानंतरच्या व्यायामाचाही होऊ शकतो. नांदेडचे डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, लातूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि विवेकानंद रुग्णालय यांनी तो हाती घ्यावा. साधने फार लागत नाहीत. सहा मिनिटांत रुग्ण किती मीटर चालतो आणि अर्ध्या मिनिटात खुर्चीवरून किती वेळा उठतो, ही दोन मापे तीस मीटरच्या व्हरांड्यात आणि एका घड्याळावर घेता येतात. ‘चॅलेंज’ने दाखवले की पुस्तिका पुरत नाही, पाठपुरावा करणारे माणूस लागते. गावोगावच्या आरोग्य मंदिरांत योगाचे वर्ग अपेक्षितच आहेत आणि आशाताई दारापर्यंत जातातच. त्यांना प्रशिक्षण आणि या कामाचा वेगळा मोबदला द्यावा. तोवर रुग्ण आणि नातेवाइकांना एक विनंती: डिस्चार्ज कार्ड हातात घेताना डॉक्टरांना विचारा, ‘किती चालायचे, कधीपासून, किती वाढवायचे?’ हे उत्तर औषधांच्या खाली लिहून घेतल्याशिवाय खुर्चीवरून उठू नका.