हुरड्याचे मोल कोणाच्या पदरी?

ज्या बेटांवर प्रवासी केवळ हंगामात जातात, तेथील खाणावळींना वर्षाचा खर्च तीन-चार महिन्यांत वसूल करावा लागतो. तेथील जेवण महाग असते ते त्यामुळे. नांदेड-लातूरला समुद्र नाही. पण हंगामी खाण्याचा व्यवसाय येथेही उभा राहिला आहे. तो म्हणजे हिवाळ्यातील हुरडा, आणि त्याची मुदत बेटावरील हंगामाहूनही तोकडी!

दाणा दुधाळ अवस्था ओलांडतो व टणक होत नाही, तेवढ्याच अवधीत कणीस भाजले तर हुरडा. एका वावराला ही संधी जेमतेम आठ-दहा दिवस मिळते. म्हणून हुरडा विकणारा शेतकरी पेरणी टप्प्याटप्प्याने करतो. वाणही निराळे: गूळभेंडी, सुरती, कुचकुची, किंवा राहुरीच्या कृषी विद्यापीठाचा 'फुले उत्तरा'. गोवऱ्यांच्या आगटीतून काढलेले कणीस हातावर चोळताच यांचा दाणा मोकळा होतो. सोबत तिळाची वा जवसाची चटणी, दही, गूळ.

पूर्वी गावचे मास्तर, तलाठी, शहरातील सोयरे यांना शेतकरी अगत्याने बोलावी. पैशाचा विषय निघत नसे. आता माणशी दर ठरलेला असतो. याबद्दल हळहळणारे बहुधा पाहुणे असतात, यजमान नव्हेत. फुकटच्या हुरड्याचाही खर्च कोणीतरी सोशीतच होते.

२०२५-२६ साठी मालदांडी ज्वारीची आधारभूत किंमत क्विंटलला ३,७४९ रुपये, म्हणजे किलोला साडेसदतीस रुपये आहे. हुरड्याच्या एका पानाच्या दरात अशी कित्येक किलो ज्वारी येईल. लातूरच्या खरिपात सोयाबीनने आणि रेशनवर गहू-तांदळाने मागे लोटलेल्या या पिकाला इतका भाव दुसऱ्या कोणत्याही रूपात मिळत नाही.

परंतु तो मिळतो कोणाला? ज्याची जमीन डांबरी सडकेला लागून आहे, विहिरीला पाणी आहे, मांडव व शौचालय बांधण्याइतके भांडवल आहे, त्याला. आतल्या शिवारातील अल्पभूधारक त्याला कणसे पुरवितो. गिऱ्हाईक येते शनिवारी-रविवारी. दाणा मात्र सुट्टी पाहून थांबत नाही. रविवार हुकला की तोच माल साध्या ज्वारीच्या भावाने जातो, आणि ही तूट मांडववाल्याच्या नव्हे, पेरणाऱ्याच्या अंगावर पडते. भाकरी थापणाऱ्या व चटणी कुटणाऱ्या बायांची मजुरीही त्या दोन दिवसांपुरतीच.

यासाठी कणसांचा दर काढणीच्या वेळी नव्हे, पेरणीपूर्वीच लेखी ठरला पाहिजे. आणि न उचललेल्या मालाची निम्मी तूट तरी मांडववाल्याने भरून दिली पाहिजे.