शाळेतील कासवाचे पाणी : गाळणयंत्राची निवड व निगा

शाळाभेटींच्या निमित्ताने फिरत असता अलीकडे काही शाळांतून काचेची टाकी व तीत पोहणारे हिरवट रंगाचे कासव दृष्टीस पडते. बहुधा शहरात राहणाऱ्या एखाद्या माजी विद्यार्थ्याने ते हौसेने विकत घेतलेले असते. पुढे ते वाढते, पाण्याला वास येऊ लागतो, घरात जागा पुरेनाशी होते आणि मग ‘मुलांना पाहावयास मिळेल’ म्हणून ते शाळेच्या स्वाधीन केले जाते. टाकीबरोबर एक बंद डबा व दोन नळ्याही येतात. या डब्यास कॅनिस्टर फिल्टर म्हणतात. आपण त्यास डबाबंद गाळणयंत्र म्हणू. त्याचे कार्य काय, तो निवडावा कसा व त्याची निगा राखावी कशी, हे पुष्कळ शिक्षकबंधूंनी व भगिनींनी विचारले आहे. त्याचे उत्तर येथे क्रमाने देत आहे.

कासव कोणते, हे आधी पाहावे

बाजारात विकले जाणारे हे कासव बहुधा परदेशी असते. डोळ्यामागे दोन्ही बाजूंस तांबडा पट्टा असतो, त्यावरून ते ओळखता येते. त्याचे मूळ स्थान अमेरिकेतील मिसिसिपी नदीचे खोरे व त्यालगतचा मेक्सिकोचा उत्तर भाग होय. विकत घेतेवेळी ते रुपयाच्या नाण्याहून थोडेसे मोठे असते. पूर्ण वाढ झाल्यावर मादीची पाठ २५ सेंटिमीटरपर्यंत किंवा त्याहूनही लांब होते, आणि नीट सांभाळल्यास ते वीस-तीस वर्षे जगते. म्हणजे आज पहिलीत असलेला विद्यार्थी स्वतःचे मूल पहिलीत घालण्यास येईल, तेव्हाही ते कासव शाळेत असू शकेल.

आपल्या तळ्यांतील व ओढ्यांतील मऊ पाठीची कासवे, तसेच पाठीवर चांदण्यांसारखी नक्षी असलेले तारा कासव यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षण दिलेले आहे. ती शाळेत अथवा घरी बाळगणे हा अपराध आहे. मुलांनी असे कासव आणल्यास त्यांना न रागावता ते त्याच दिवशी वनविभागाच्या स्वाधीन करावे. परदेशी प्राण्यांविषयीचे नियमही वेळोवेळी बदलतात. म्हणून तांबड्या पट्ट्याचे कासव ठेवून घेण्यापूर्वी वनपरिक्षेत्र कार्यालयात एकवार विचारणा करावी.

आणखी एक गोष्ट गावकऱ्यांस आवर्जून सांगावी. विहिरीत कासव सोडण्याची चाल आपल्याकडे जुनी आहे. परंतु हे परदेशी कासव विहिरीत, तळ्यात किंवा नदीत कदापि सोडू नये. जगातील सर्वांत उपद्रवी अशा शंभर परक्या जीवजातींच्या यादीत त्याचा समावेश झालेला आहे. ते खादाड असून स्थानिक कासवांचे अन्न व ऊन खाण्याच्या जागा बळकावते. ते सांभाळणे अशक्य झाले, तरी पाण्यात सोडून देणे हा उपाय नव्हे.

एका शाळेतील अनुभव

एका द्विशिक्षकी शाळेत असे कासव होते. गुरुजी मोठे दक्ष. दर शनिवारी ते गाळणयंत्र उघडून आतील स्पंज व चिनी मातीची कडी नळाच्या पाण्याने, साबण लावून, अगदी चकचकीत धूत असत. एका शनिवारी दुपारी वीज गेली ती सोमवारी सकाळी आली. यंत्र आपोआप सुरू झाले. दुपारपर्यंत सडक्या अंड्यांसारखी दुर्गंधी वर्गात पसरली. कासव दगडावर चढून बसले ते पाण्यात उतरेना, आणि दोन दिवस त्याने अन्नास तोंड लावले नाही. यंत्र बिघडले असे गुरुजींना वाटले. वस्तुतः यंत्र ठीक होते. आत राहणारे सजीव मेले होते, आणि त्यास वीज व साबण हे दोन्ही कारण होते.

यंत्र काय करते

कासव पाण्यातच खाते व पाण्यातच मलमूत्र विसर्जन करते. सारख्याच आकाराच्या माशापेक्षा ते कितीतरी अधिक घाण करते. तिच्यातून पाण्यात अमोनिया निर्माण होतो. तो डोळ्यांना व त्वचेला दाहक आहे. तो दिसत नाही. म्हणून पाणी स्वच्छ दिसत असूनही विषारी असू शकते.

यंत्र दोन कामे करते. पहिले काम गाळण्याचे : जाड व बारीक स्पंजांत अन्नाचे कण व विष्ठा अडकते. दुसरे काम अधिक महत्त्वाचे आहे. चिनी मातीच्या सच्छिद्र कड्यांवर सूक्ष्म जीवाणू वस्ती करतात. त्यांतील काही जीवाणू अमोनियाचे नायट्राइट बनवतात, तर दुसरे जीवाणू नायट्राइटचे नायट्रेट बनवतात. नायट्रेट त्या मानाने सौम्य असते. रशियन शास्त्रज्ञ विनोग्रादस्की यांनी हे जीवाणू १८९० च्या सुमारास वेगळे करून दाखविले. शेतातील मातीत हेच कार्य अखंड चालू असते, आणि त्यायोगे शेणखतातील नत्र पिकास मिळते.

या जीवाणूंस प्राणवायू लागतो, आणि तो त्यांना वाहत्या पाण्यातून मिळतो. नव्या यंत्रात त्यांची पुरेशी वस्ती होण्यास चार ते सहा आठवडे लागतात. तोवर पाणी अधिक वेळा बदलावे. नायट्रेट मात्र यंत्रातून जात नाही. त्यासाठी दर आठवड्यास सुमारे चौथा हिस्सा पाणी काढून नवे घालावेच लागते. यंत्र घेतले म्हणजे पाणी बदलणे टळले, अशी समजूत कोणी करून घेऊ नये.

निवड कशी करावी

(१) प्रथम टाकी मोजावी. कासवाच्या पाठीच्या दर सेंटिमीटर लांबीमागे सुमारे १५ लीटर पाणी असावे. २० सेंटिमीटरच्या कासवास ३०० लीटर पाणी हवे. टाकी १५० सेंमी लांब, ५० सेंमी रुंद व पाण्याची उंची ४० सेंमी असल्यास १५० × ५० × ४० = ३,००,००० घन सेंमी, म्हणजे ३०० लीटर होतात. हे उदाहरण घनफळाच्या पाठास चांगले आहे. एवढ्या पाण्याचेच वजन ३०० किलो होते, हे ध्यानात घेऊन खालचे टेबल भक्कम असावे.

(२) यंत्राच्या खोक्यावर ‘अमुक लीटरच्या टाकीसाठी’ असे छापलेले असते. तो आकडा माशांच्या टाकीचा असतो. कासवासाठी आपल्या टाकीच्या दुप्पट ते तिप्पट आकड्याचे यंत्र घ्यावे. वरील उदाहरणात ६०० ते ९०० लीटरचे यंत्र योग्य होय.

(३) दर ताशी किती लीटर पाणी फिरते, तेही पाहावे. टाकीतील पाण्याच्या चार-पाच पट, म्हणजे येथे १२०० ते १५०० लीटर असावे. छापील आकडा रिकाम्या डब्याचा असतो. स्पंज भरल्यावर व नळ्यांची उंची वाढल्यावर प्रवाह कमी होतो.

(४) प्रवाहाइतकेच आतील जागेकडे लक्ष द्यावे. डबा मोठा व त्यात तीन-चार टोपल्या असल्यास कासवाची घाण सोसते. कोळशाची पिशवी सोबत मिळते, ती वास व रंग कमी करते. परंतु काही आठवड्यांत निकामी होते. ती विकत घेत राहणे आवश्यक नाही.

(५) डबा टाकीच्या पाण्याच्या पातळीहून खाली ठेवावा लागतो. पाणी वक्रनळीच्या तत्त्वाने खाली उतरते व पंप ते वर ढकलतो. टाकी टेबलावर असेल तर हे सोयीचे आहे. कासव जमिनीलगतच्या सिमेंटच्या हौदात ठेवावयाचे असल्यास डबाबंद यंत्र घेऊ नये. तेथे पाण्यात बुडणारा पंप व बादलीत स्पंज भरून केलेले गाळणे अधिक स्वस्त व सोपे पडते.

(६) विजेचा खर्चही पाहावा. २० वॉटचे यंत्र २४ तासांत ४८० वॉट-तास वीज वापरते. महिन्यास सुमारे साडेचौदा युनिटे होतात. हा खर्च कोणी द्यावयाचा, हे शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेत आधीच ठरवून इतिवृत्तात नोंदवावे.

मांडणी

डबा प्रथम पाण्याने भरावा व मगच सुरू करावा. आत हवा राहिल्यास पंप खडखडतो व पाणी चढत नाही. पाणी ओढणारी नळी टाकीच्या एका टोकास व सोडणारी दुसऱ्या टोकास असावी. सोडणाऱ्या नळीचे पाणी पृष्ठभागावर पडू द्यावे, म्हणजे त्यात हवा मिसळते. तळाशी बारीक खडे घालू नयेत. कासव ते गिळते. पाण्याबाहेर येऊन ऊन घेण्यास एक कोरडा दगड अवश्य असावा. काचेतून आलेल्या उन्हात हाडे व पाठ बळकट करणारे किरण नसतात, म्हणून रोज काही वेळ कोवळे ऊन थेट अंगावर पडू द्यावे आणि सावलीचीही सोय ठेवावी.

विजेची वायर खोबणीकडे जाण्यापूर्वी खाली झोळीसारखी लोंबती ठेवावी, म्हणजे ओघळणारे पाणी खोबणीत न जाता तेथेच गळून पडते. पाण्यात हात घालण्यापूर्वी वायर काढून ठेवावी. गळती होताच वीज तोडणारा स्विच बसविलेला असावा. विजेचे हे काम मुलांकडे देऊ नये.

निगा

प्रवाह मंद होऊ लागला की यंत्र उघडावे. सामान्यतः महिन्यातून एकदा पुरते. टाकीतील पाणी बादलीत काढून त्यातच स्पंज व कडी हलकेच खळबळावीत. साबण लावू नये. ग्रामपंचायतीच्या नळाच्या पाण्यात ब्लीचिंग पावडरीतील क्लोरीन असतो. त्याचे कार्यच जीवाणू मारण्याचे आहे, तेव्हा त्याने कडी धुणे म्हणजे आपलीच वस्ती उठविणे होय. सर्व भाग एकाच दिवशी धुऊ नयेत. या वेळी स्पंज, तर पुढच्या वेळी कडी, असा क्रम ठेवावा. नवे पाणी घालण्यापूर्वी ते उघड्या भांड्यात एक दिवस ठेवावे, म्हणजे क्लोरीन बराचसा निघून जातो. शक्य झाल्यास दुकानात मिळणाऱ्या थेंबांच्या संचाने पाणी तपासावे : अमोनिया व नायट्राइट शून्य असावे. कासवास निराळ्या घमेल्यात खाऊ घातल्यास टाकीतील निम्मी कटकट कमी होते.

वीज गेल्यावर

आपल्या खेडोपाडीच्या शाळांना हा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा आहे. कासव हवेत श्वास घेते, म्हणून वीज जाताच ते गुदमरत नाही. परंतु बंद डब्यातील पाण्याचा प्राणवायू काही तासांत संपतो, उपकारक जीवाणू मरू लागतात, आणि प्राणवायूविना वाढणारे दुसरे जीवाणू साठलेली घाण कुजवू लागतात. मग वीज येताच ते सडके पाणी टाकीत शिरते. उपर्युक्त शाळेत घडले ते हेच. त्यात साबणाच्या धुण्याने चांगल्या जीवाणूंची वस्ती आधीच क्षीण झालेली होती.

यास्तव वीज बराच वेळ गेल्यास यंत्राची वायर काढून ठेवावी, म्हणजे ते आपोआप सुरू होणार नाही. वीज आल्यावर डब्यातील पाणी झाडांना ओतावे, स्पंज व कडी टाकीच्या पाण्यात खळबळावीत, टाकीतील काही पाणी बदलावे आणि मगच यंत्र सुरू करावे. वीज दीर्घकाळ येणार नाही असे आधी कळल्यास कडी काढून टाकीच्या पाण्याने भरलेल्या पसरट, उघड्या परातीत ठेवावीत. हवा लागल्याने वस्ती बरीचशी टिकते. त्या शाळेतील गुरुजींनी पुढे हीच रीत ठेवली, व पुन्हा तक्रार आली नाही.

मुलांचे आरोग्य व शिक्षण

कासवाच्या अंगावर साल्मोनेला नावाचे रोगजंतू असू शकतात. कासव निरोगी दिसले तरी ते असतात. लहान मुलांस त्यामुळे ज्वर व अतिसार होतो. याच कारणाने अमेरिकेत १९७५ मध्ये १० सेंटिमीटरहून लहान कासवे विकण्यास बंदी करण्यात आली. म्हणून कासवास अथवा टाकीच्या पाण्यास हात लावल्यावर प्रत्येकाने साबणाने हात धुतलेच पाहिजेत. टाकी पोषण आहाराच्या स्वयंपाकघरापासून व पिण्याच्या पाण्यापासून दूर असावी. यंत्राचे भाग भांडी घासण्याच्या जागी धुऊ नयेत. काढलेले पाणी फुलझाडांना घालावे, कच्च्या खाण्याच्या भाजीला घालू नये.

मुलांकडून एक नोंदवही ठेवून घ्यावी. तीत दिनांक, पाण्याचे उष्णतामान, वास, बदललेले पाणी व कासवाने खाल्ले की नाही हे लिहावे. कासव न बोलणारे असल्याने त्याची प्रकृती या वहीतूनच कळते. दिवाळीच्या व उन्हाळ्याच्या सुट्टीत ही वही व टाकी कोण सांभाळणार, त्याचे नाव सुट्टीपूर्वी वहीच्या पहिल्या पानावर लिहिलेले असावे.

वर सांगितलेली जागा, वीज व सुट्टीतील माणूस यांची सोय जेथे होणार नाही, त्या शाळेने कासव विनयपूर्वक नाकारावे; त्यात कमीपणा नाही. आणि जेथे ते आलेच आहे, तेथे येत्या शनिवारी यंत्र उघडून पाहावे, साबण बाजूस ठेवावा, व टाकीतील पाण्याची पहिली बादली भरावी.