लिंटियन
डेबियन या मुक्त संगणक प्रणालीसाठी तयार केलेल्या आज्ञावली-पॅकेजांतील दोष शोधून काढणारे साधन. ईअन मर्डॉक यांनी १९९३ मध्ये स्थापन केलेल्या डेबियन प्रकल्पात अनेक देशांतील स्वयंसेवक पॅकेजे तयार करतात. त्यांच्या कामात एकसूत्रीपणा राहावा म्हणून एक नियमावली करण्यात आली. तिचे पालन झाले आहे की नाही हे यांत्रिक रीत्या तपासण्यासाठी क्रिस्टियान श्वार्ट्‌स व रिचर्ड ब्राकमन यांनी १९९८ मध्ये पर्ल भाषेत लिंटियन लिहिले. बेल प्रयोगशाळेत स्टीव्हन जॉन्सन यांनी सी भाषेसाठी तयार केलेल्या ‘लिंट’ (कापडाला चिकटलेले तंतू) या साधनावरून हे नाव आले.

कार्यपद्धती : लिंटियन पॅकेजातील आज्ञावली प्रत्यक्ष चालवीत नाही, पॅकेज उलगडून त्यातील फाइली वाचते. प्रताधिकाराची फाइल, बदलांची नोंद, फाइलींचे परवाने, इतर पॅकेजांवरील अवलंबन इ. बाबी त्यात तपासल्या जातात. आढळलेल्या प्रत्येक दोषास ठराविक नाव असून त्याची चूक, इशारा, माहिती अशी प्रतवारी केलेली असते. एखादा इशारा विशिष्ट पॅकेजास लागू नसल्यास पॅकेजकर्ता अपवादाच्या फाइलीत त्या दोषाचे नाव नोंदवितो. काही गंभीर दोष असलेली पॅकेजे डेबियनच्या भांडारात आपोआप नाकारण्याची पद्धत २००९ पासून सुरू झाली. त्यामुळे तपासणीतील चूक थेट पॅकेजकर्त्यास भोवू शकते.

पॅचचे परीक्षण : साधनात करावयाचा बदल पॅचच्या रूपाने मांडतात. त्यात वगळलेल्या ओळींपुढे उणे व घातलेल्या ओळींपुढे अधिक चिन्ह असते. असा बदल मूळ फाइलीत उतरविणारी ‘पॅच’ ही आज्ञावली लॅरी वॉल यांनी १९८५ मध्ये लिहिली. पर्ल भाषाही (१९८७) त्यांचीच. परीक्षकास मुख्यतः दोन गोष्टी पाहाव्या लागतात : नवी तपासणी निर्दोष पॅकेजास दोषी ठरवीत नाही ना, आणि खरा दोष तिच्यातून निसटत नाही ना. यासाठी मुद्दाम दोष ठेवलेली लहान पॅकेजे तयार करून त्यांवरील अपेक्षित निष्कर्ष प्रत्यक्ष निष्कर्षाशी ताडून पाहतात.

पुनर्रचना : बाह्य वर्तन न बदलता आज्ञावलीची अंतर्गत मांडणी सुधारणे म्हणजे पुनर्रचना. मार्टिन फाउलर यांच्या १९९९ मधील ग्रंथामुळे ही संकल्पना सर्वत्र रूढ झाली. लिंटियनमध्ये तपासण्यांची संख्या वाढत गेली, तसतशी मोठ्या तपासण्यांची लहान, स्वतंत्र घटकांत विभागणी करण्यात आली. अशा कामातील अडचण सूक्ष्म असते. दोषाचे नाव अधिक सुबोध केले, तर ते जुने नाव नोंदविलेल्या अपवादांच्या फाइली निरुपयोगी होण्याचा धोका असतो. म्हणून दोषाच्या वर्णनात त्याचे पूर्वीचे नावही नमूद करण्याची सोय ठेवलेली आहे. पुनर्रचना व नवी तपासणी एकाच पॅचमध्ये मिसळल्यास निष्कर्षातील फरक कशामुळे पडला हे कळत नाही. यास्तव ती वेगवेगळी सादर करणे इष्ट ठरते.

मर्यादा : साधनाने दिलेला इशारा हा निवाडा नव्हे. डेबियनच्या ओपनएसएसएल पॅकेजात २००६ मध्ये याचा प्रत्यय आला. स्मृतीचा वापर तपासणाऱ्या दुसऱ्या एका साधनाचा इशारा टाळण्यासाठी त्यातील दोन ओळी निष्क्रिय करण्यात आल्या. परंतु त्यांपैकी एका ओळीमुळेच यादृच्छिक संख्यांच्या निर्मितीस आवश्यक ती अनिश्चितता मिळत होती. परिणामी गुप्त चाव्या प्रक्रिया-क्रमांकाच्या जास्तीत जास्त ३२,७६८ मूल्यांवर अवलंबून राहिल्या व त्या सहज शोधून काढता येऊ लागल्या. हा दोष मे २००८ मध्ये जाहीर झाला आणि बाधित प्रणालींवर तयार झालेल्या चाव्या बदलाव्या लागल्या. इशारा नाहीसा झाला, म्हणजे दोष दूर झाला असे नाही. ओळ कशासाठी लिहिली होती, हे जाणून घेण्याचे काम अखेर परीक्षकाचेच राहते.