गाडीच्या रंगावरचे बारीक ओरखडे : कमी घासा, जास्त टिकवा

केळापूर तालुक्याचे मुख्य ठिकाण पांढरकवडा हे नागपूर-हैदराबाद महामार्गावर आहे. पूर्वी ‘सात नंबर’ म्हणून ओळखला जाणारा हा रस्ता आता ४४ क्रमांकाचा झाला आहे. या रस्त्याच्या आधाराने पंक्चर, वेल्डिंग, डेंटिंग-पेंटिंग आणि गाड्या धुण्याची कामे चालतात आणि त्यावर आपल्यापैकी पुष्कळांचे पोट आहे. आमचाही धंदा याच रस्त्यावरचा. म्हणून या वेळी आम्ही एका लहानशा वाटणाऱ्या, पण चुकीचा हात पडला तर गिऱ्हाईक आणि पैसा दोन्ही घालवणाऱ्या कामाविषयी लिहीत आहोत. ते काम म्हणजे रंगावरचे बारीक ओरखडे पॉलिशने काढणे.

गडद रंगाची गाडी उन्हात उभी केली की सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या गोल गोल रेघा दिसतात. त्यांना ‘स्वर्ल मार्क’ म्हणतात. प्रत्यक्षात हे ओरखडे गोल नसतात. ते सर्व दिशांना गेलेले असतात, पण प्रकाशाला आडवे येणारे तेवढेच चमकतात, त्यामुळे डोळ्याला जाळे गोल दिसते. सावलीत तीच गाडी नवी वाटते. म्हणून गाडी ताब्यात घेताना ती उन्हात किंवा हातातल्या टॉर्चच्या उजेडात पाहावी, म्हणजे पुढे वाद होत नाहीत.

हे ओरखडे रस्त्यावर फारसे पडत नाहीत, ते आपल्याच हाताने पडतात. आमच्या भागात काळ्या मातीची धूळ उडते, टिपेश्वर अभयारण्याच्या कच्च्या वाटांवरून आलेल्या गाड्या तर धुळीने माखलेल्याच असतात. या धुळीत वाळूचे बारीक कण असतात आणि ते रंगापेक्षा कठीण असतात. अशा गाडीवर कोरडे फडके फिरवले की ते फडके पॉलिश पेपरचे काम करते. जमिनीवर पडलेले फडके झटकून पुन्हा बॉनेटवर मारणारी पोरे आपण रोज पाहतो. गाडी चमकावण्याच्या नावाखाली ती रोज थोडी थोडी खरवडली जात असते.

आता रंगाची जाडी समजून घेतली पाहिजे. हल्लीच्या बहुतेक गाड्यांवर खाली प्रायमर, त्यावर रंग आणि सर्वांत वर पारदर्शक लॅकर असते. कंपनीच्या रंगाचे हे सगळे थर मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतात. केंद्र सरकारच्या नियमाने ३१ डिसेंबर २०२२ पासून प्लास्टिकच्या पिशवीची जाडी किमान १२० मायक्रॉन ठरवली आहे. म्हणजे लाखो रुपयांच्या गाडीचा सगळा रंग एका पिशवीच्या जाडीएवढा असतो! त्यात वरचे लॅकर साधारण ४० ते ५० मायक्रॉनचे. चमक या लॅकरची असते आणि उन्हापासून रंगाला वाचवणारे द्रव्यही त्यातच असते.

पॉलिश करणे म्हणजे ओरखडा भरून काढणे नव्हे. ओरखड्याच्या तळापर्यंत आजूबाजूचे लॅकर घासून सपाट करणे म्हणजे पॉलिश. म्हणून प्रत्येक पॉलिशला लॅकर थोडे कमी होते आणि ते परत येत नाही. व्यापाऱ्याच्या भाषेत सांगायचे तर लॅकर हे गाडीचे मुद्दल आहे. हलक्या पॉलिशने त्यातला एखादा मायक्रॉन जातो, लोकरीच्या पॅडवर जाड कंपाऊंड लावून रगडले तर एका वेळी कितीतरी पट जास्त. लॅकर फार पातळ झाले की एक-दोन उन्हाळ्यांत बॉनेट आणि छपरावर पांढुरके चट्टे पडतात व लॅकर पापुद्र्यासारखे सुटते. त्यावर पॉलिशचा उपाय नाही, नवा रंगच द्यावा लागतो.

हे आम्ही पुस्तकातून शिकलो नाही, नुकसान सोसून शिकलो. काही वर्षांपूर्वी लग्नसराईत एक काळी गाडी आमच्याकडे आली. दुसऱ्या दिवशी वरातीला न्यायची होती. घाईत रोटरी मशीनवर लोकरीचे पॅड चढवले, वेग वाढवला आणि भर दुपारी शेडबाहेरच काम सुरू केले. बॉनेट आरशासारखे झाले, पण पुढच्या कडेवर बोटाएवढ्या जागी लॅकर जाऊन खालचा रंगही उडाला आणि प्रायमर दिसू लागले. पॉलिशचे जे पैसे मिळणार होते त्याच्या कितीतरी पट खर्च बॉनेट पुन्हा रंगवण्यात गेला, वरातीला दुसरी गाडी आम्हालाच करून द्यावी लागली आणि ते गिऱ्हाईक पुन्हा आले नाही. गिऱ्हाइकाची गाडी आपल्याकडे अमानत असते, ही गोष्ट त्या दिवशी आम्हाला नीट समजली.

तेव्हापासून आम्ही कामाचा एक क्रम ठरवला आहे. आमच्या कारागीर बांधवांनी तो करून पाहावा.

आधी धुणे. भरपूर पाणी मारून धूळ निघू द्यावी, त्याआधी हात लावू नये. मग दोन बादल्या घ्याव्यात. एकीत गाडीचा शाम्पू, दुसरीत साधे पाणी. कपडा साध्या पाण्यात खळबळून मगच शाम्पूत बुडवावा. वरून खाली यावे आणि चाकांचा कपडा वेगळा ठेवावा. भांड्यांची पावडर किंवा कपड्यांचा साबण वापरू नये. विहिरीच्या किंवा बोअरच्या जड पाण्याचे डाग पडतात, म्हणून गाडी उन्हात वाळू न देता स्वच्छ मायक्रोफायबरने लगेच टिपून घ्यावी. डांबराचे ठिपके आधी काढावेत, नाहीतर ते पॅडमध्ये अडकून नवे ओरखडे पाडतात.

मग पारख. ओरखड्यावरून अलगद नख फिरवावे. नख अडकले तर तो ओरखडा खोल आहे. त्याच्या मागे लागू नये, गिऱ्हाइकाला तसे सांगावे. पांढऱ्या फडक्यावर थोडे पॉलिश घेऊन कोपऱ्यात घासून पाहावे. फडक्याला गाडीचा रंग लागला तर त्यावर लॅकर नाही. अँबॅसेडर आणि प्रीमियर पद्मिनीच्या जमान्यातल्या गाड्यांवर असा एकेरी रंग असे. तोही पॉलिश होतो, पण तेथे प्रत्यक्ष रंगच झिजत असतो हे ध्यानात ठेवावे. लॅकर असलेल्या गाडीवर पॉलिश करताना मध्येच पॅडवर रंग दिसू लागला, तर लॅकर संपले असे समजून तत्काळ थांबावे. जाडी मोजण्याचे मीटर असेल तर उत्तमच. मात्र ते एकूण जाडी दाखवते, एकट्या लॅकरची नाही, आणि साधे मीटर प्लास्टिकच्या बंपरवर चालत नाही. नुकतेच रंगवलेले पॅनेल रंग पुरता वाळेपर्यंत हाती घेऊ नये.

कामाची वेळही महत्त्वाची आहे. आमच्याकडे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांजवळ जातो आणि उन्हात उभ्या गाडीचा पत्रा त्याहूनही तापतो. तापलेल्या पत्र्यावर पॉलिश वाळून चिकटते. म्हणून सकाळी आणि सावलीत काम करावे. पत्र्यावर तळहात ठेवल्यावर तो थंड लागला पाहिजे. दरवाजाच्या कडा, बॉनेटच्या धारा, रबर आणि काळे प्लास्टिक यांवर कागदी टेप लावावी, कारण कडांवर रंग सर्वांत पातळ असतो.

त्यानंतर सर्वांत मऊ फोमचे पॅड आणि सर्वांत बारीक पॉलिश घेऊन फक्त दीड फूट चौरस जागेवर चाचणी करावी. वाटाण्याएवढे तीन-चार थेंब पुरतात. नव्या हाताने डीए मशीन वापरावे. त्याचे पॅड फिरता फिरता हेलकावे घेते, त्यामुळे एका जागी उष्णता साचत नाही. रोटरी असेल तर वेग मिनिटाला हजार-बाराशे फेऱ्यांच्या आसपास ठेवावा आणि पॅड पत्र्यावर सपाट ठेवावे. मशीन सेकंदाला इंच-दोन इंच इतके सावकाश चालवावे, आधी उभे, मग आडवे, असे चार ते सहा हात. दाब मशीनच्या वजनाएवढाच. मशीन नसेल तर हातानेही हलके ओरखडे कमी होतात, फक्त वेळ लागतो. पॅडवर साचलेला गाळ प्रत्येक जागेनंतर ब्रशने काढावा. तोंडाला मास्क आणि डोळ्यांना चष्मा असावा, कारण उडणारी भुकटी छातीत जाते.

चाचणीच्या जागेवर आयसोप्रोपिल अल्कोहोल पाण्यात पातळ करून पुसावे आणि टॉर्च मारून पाहावे. पॉलिशमधले तेल ओरखड्यात बसून त्याला तात्पुरते झाकते. ते पुसल्यावर जे दिसते तेच आपले खरे काम. जाळे गेले असेल तर हीच पद्धत सगळ्या गाडीवर वापरावी. गेले नसेल तर आधी पॅड थोडे कडक घ्यावे, मग पॉलिश थोडे जाड घ्यावे. एकदम कंपाऊंडवर उडी मारू नये. दहापैकी आठ ओरखडे गेले आणि दोन उरले, तर ते दोन राहू द्यावेत. त्या दोनांसाठी मुद्दल खर्च करणे गिऱ्हाइकाच्या हिताचे नाही. शेवटी वॅक्सचा पातळ हात द्यावा. वॅक्स ओरखडा काढत नाही, पण रंगावर संरक्षण देते.

येथे व्यवहाराचा प्रश्न येतो. बाजारात तेल आणि भराव असलेले असे पॉलिश मिळते की ते दहा मिनिटांत सगळे जाळे झाकते. चार-पाच धुण्यांत ते वाहून जाते आणि जाळे पुन्हा वर येते. असा माल विकणे गुन्हा नाही, पण ‘ओरखडे काढले’ असे सांगून त्याचे पैसे घेणे ही लबाडी आहे. तो झाकण्याचा माल आहे असे सांगून, त्याचा दर वेगळा लावावा. ज्यांना फक्त लग्नापुरती चमक हवी आहे असे गिऱ्हाईक तोच पसंत करील, आणि त्यात कोणाची फसवणूक होणार नाही.

काही बांधव म्हणतील की, इतके सावध काम केले तर कमाई काय उरणार? आमचा अनुभव उलट आहे. वर्षातून दोनदा कंपाऊंड मारून गाडी खरवडण्यापेक्षा, एकदा हलके पॉलिश करून पुढे दर पंधरवड्याला तीच गाडी नीट धुऊन देण्याचा महिन्याचा करार करावा. रक्कम लहान असते, पण ती दर महिन्याला येते. मशीन थोडे चालते, माल थोडा लागतो आणि चूक भरून देण्याची पाळी येत नाही. गाडी विकताना तिचा मूळ रंग टिकलेला असला तर मालकाला चार पैसे जास्त मिळतात, आणि नवी गाडी घेतल्यावर ती तो सरळ आपल्याच दारात आणतो.

दुकानात नवा मुलगा कामाला लागला की त्याच्या हाती आधी मशीन देऊ नये. सहा महिने त्याला फक्त धुणे आणि पुसणे शिकवावे. ज्याच्या हातून नवा ओरखडा पडत नाही, त्यालाच जुना ओरखडा काढण्याचे काम सोपवावे.