सोयाबीनचा कॅण्डललाइट!

वीकेण्ड म्हणजे मॉल आणि मल्टिप्लेक्सच, असं कुणी सांगितलंय? अंधेरीचं वन बीएचके असो की मुलुंडचं वनरूम-किचन, गॅसचा एक बर्नर मोकळा मिळाला की सोया कॅण्डल घरच्या घरी बनते. मॉलमध्ये किमतीचं लेबल बघून आपण जी हळूच जागेवर ठेवतो ना, तीच!

आपल्याकडे मेणबत्ती म्हणजे फ्यूज उडाल्यावर शोधायची वस्तू. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर उपनगरांतल्या कितीतरी घरांनी तिच्याच उजेडात रात्री काढल्या. ते मेण पॅराफिनचं, म्हणजे खनिज तेलातून आलेलं. सोया वॅक्स हे १९९० च्या दशकातलं, अमेरिकेतल्या आयोवामधल्या मायकेल रिचर्ड्सचं डोकं. फंडा मात्र आपल्या ओळखीचा. तेलात हायड्रोजन मिसळून ते घट्ट करायचं. थोडक्यात, डालड्याचं चुलत भावंडं!

आता कामाला लागू. अर्धा किलो सोया फ्लेक्स, ४० ग्रॅम कॅण्डलसाठीचंच सुगंधी तेल (अत्तर किंवा डिओ नको!), सुती वाती, थर्मामीटर आणि उष्णता सोसणारे काचेचे ग्लास. सगळं ऑनलाइन मिळतं. मोठ्या पातेल्यात पाणी, त्यात छोटं भांडं, त्यात फ्लेक्स. मेण थेट गॅसवर कधीच ठेवायचं नाही. पेट घेतलाच तर गॅस बंद करून झाकण टाका; पाणी ओतलंत तर भडका उडेल. ८० अंशांच्या आसपास सुगंध घालून दोनेक मिनिटं हलक्या हाताने ढवळा. मग ६० अंशांपर्यंत उतरू द्या आणि मधोमध चिकटवलेल्या वातीभोवती सावकाश ओता. उरलेलं मेण सिंकमध्ये टाकू नका, नाहीतर पुढचा रविवार प्लंबरसोबत!

‘मला नाही जमणार’ म्हणत असाल तर महाबळेश्वरच्या भावेश भाटियांचं नाव ऐकून ठेवा. ऐन तरुणपणी दृष्टी गेली, मुंबईत ‘नॅब’मध्ये मेणबत्त्या बनवायला शिकले, महाबळेश्वरला हातगाडीवर विकायला लागले. त्यातून ‘सनराइज कॅण्डल्स’ उभी राहिली आणि कितीतरी अंध कारागिरांना काम मिळालं. आपल्याकडे तर थर्मामीटरचे आकडे वाचायला डोळे आहेत.

खरी परीक्षा वाट बघण्यात. ओतलेली कॅण्डल दोन तासांत घट्ट दिसते, पण सुगंध मेणात मुरायला दहा-पंधरा दिवस लागतात. लोणच्यासारखंच. मी एका दिवाळीत धनत्रयोदशीला ओतल्या आणि दोन दिवसांनी ऑफिसात वाटल्या. वास जेमतेम. वात इतकी बारीक की मधे खड्डा पडून ज्योत त्यातच बुडाली. सगळे ‘सही आहे’ म्हणाले, पण नंतर एकीच्या डेस्कवर त्याच ग्लासात पेनं दिसली!

वातीचं गणित ग्लासाच्या रुंदीवर चालतं. तीन इंची ग्लास पहिल्यांदा तीन तास जळू द्या. मेण कडेपर्यंत वितळलं तर वात बरोबर. आपल्या दमट हवेत वर पांढुरकी बुरशीसारखी नक्षी येते. ती बुरशी नाही, सोयाचा स्वभावच आहे. आणि सोया म्हणजे धूर शून्य, ही निव्वळ जाहिरातबाजी. वात लांब ठेवलीत, वर पंखा फुल्ल केलात, तर काजळी धरणारच. दर वेळी पाव इंच ठेवून वात कापा.

तेव्हा या दिवाळीला गिफ्ट द्यायच्या असतील तर दसऱ्याच्या वीकेण्डला ओता. मधले वीसेक दिवस मुरायलाही पुरतात आणि एखादी फसली तर दुसरी वात लावून बघायलाही. मोजून लागतील त्यापेक्षा एक जास्त ओता. ती तुमची. वाटण्याआधी तीच पेटवून बघा.