दोरीवरची मुंगी आणि विश्वातले अणू

एक मीटर दोरी ताणून धरा आणि तिच्यावर मुंगी सोडा. मुंगी दर सेकंदाला एक उडी मारते. डाव्या अर्ध्यात असेल, तर डाव्या टोकापासूनचे अंतर दुप्पट करून तिथे जाते. उजव्या अर्ध्यात असेल, तर उजव्या टोकापर्यंत उरलेले अंतर दुप्पट करते आणि डावीकडून तेवढे मोजून बसते. दोरी दुप्पट ताणून मधोमध दुमडावी, तसेच हे.

आपल्या नजरेला मिलिमीटरचा फरक कळतो असे धरू. आरंभी मुंगीच्या वेगळ्या ओळखू येणाऱ्या जागा हजारभर. दहा उड्यांत वेगळे ओळखू येणारे प्रवास सुमारे दहा लाख होतात, वीस उड्यांत शंभर कोटींवर जातात. २५६ उड्या, म्हणजे ४ मिनिटे १६ सेकंद झाले, की हा आकडा १ वर ८० शून्यांच्या घरात पोचतो. दृश्य विश्वातले अणू साधारण तेवढेच मानतात. आणि दोरी अजून एक मीटरचीच!

दर उडीला प्रवास किती पटींनी वाढतात, त्या पटीचा लॉगरिदम म्हणजे टोपॉलॉजिकल एंट्रॉपी. ॲडलर, कॉनहाइम आणि मॅकअँड्र्यू यांनी ही कल्पना १९६५ मध्ये मांडली. इथे पट २, म्हणून एंट्रॉपी ०.६९३.

आता एक मीटर परिघाचे वर्तुळ घ्या. मुंगी दर वेळी २ च्या वर्गमुळाइतके मीटर, म्हणजे सुमारे १.४१४ मीटर, पुढे सरकते. ती एका जागी दुसऱ्यांदा कधीच येत नाही, तरी कुठलाही कोपरा तिच्या वाटेतून सुटत नाही. या सर्वसंचारी गुणाला ट्रान्झिटिव्हिटी म्हणतात. पण दोन मुंग्यांमधले अंतर कायम तेवढेच राहते. कोट्यवधी उड्या झाल्या तरी प्रवास हजारच, एंट्रॉपी शून्य.

मग दोरीवरही असा शांत सर्वसंचार का जमू नये? कारण दोरीला टोके आहेत. न दुमडता कुठलाही सलग नियम मुंगीला दोरीभर फिरवू शकत नाही, आणि दुमडूनही सगळीकडे पोचायचे तर ताणावेच लागते. किती? ब्लोख या गणितज्ञाने १९८२ मध्ये दिलेले उत्तर मला या विषयातले सर्वांत सुंदर वाटते: दोरीवरच्या सर्वसंचारी नियमाची पट २ च्या वर्गमुळाहून कमी असूच शकत नाही. नेमकी तेवढीच पट असलेला नियमही आहे. त्यालाही अणूंचा आकडा गाठायला लागतात साधारण साडेआठ मिनिटे.