कमी कोडचे सॉफ्टवेअर आणि आपली नोंदवही



आपल्यापैकी काही देणगीदारांनी विचारले होते की, आदिवासी वस्त्यांवरील कामासाठी मोबाईल ॲप तयार करून घ्यावे का, आणि त्यावर सेवाकार्याचा पैसा खर्च करणे योग्य होईल का. उत्तर देण्याआधी विषय नीट समजून घ्यावा म्हणून मी दोन दिवस एका ऑनलाईन परिषदेला बसलो. परिषद 'लो-कोड' सॉफ्टवेअरची होती. माझे शिक्षण थिऑलॉजीच्या पदविकेपर्यंतचे, आणि कोडची एक ओळही मी कधी लिहिलेली नाही. म्हणून आपल्या मंडळीतल्या एका तरुणाला सोबत घेतले. तो पुण्यात सॉफ्टवेअर डेव्हलपर आहे. तो पुण्यात बसून पाहत होता, मी निफाडमध्ये. रात्री फोनवर आम्ही टिपणे जुळवत होतो. त्यातून जे हाती आले ते आपल्यापुढे ठेवतो.

लो-कोड म्हणजे काय?

संगणकाला काम सांगायचे तर त्याच्या भाषेत ओळीन् ओळ सूचना लिहाव्या लागतात. त्या सूचना म्हणजे कोड. हे लिहिणे सोपे व्हावे ही धडपड जुनी आहे. १९५९ मध्ये आकाराला येऊ लागलेल्या 'कोबोल' या भाषेत व्यवहारातल्या इंग्रजीसारखे शब्द वापरले गेले, आणि त्यामागे ग्रेस हॉपर या अमेरिकन नौदलातील विदुषीच्या कामाचा मोठा वाटा होता. १९७९ मध्ये 'व्हिजिकॅल्क' आले आणि हिशेबनीसाला प्रोग्रॅमरची वाट न पाहता रकान्यांत सूत्रे मांडता येऊ लागली. आज आपल्या मंडळीचे खजिनदार एक्सेलमध्ये वर्षाचा ताळेबंद करतात, ते त्याच वाटेवरचे पुढचे पाऊल. 'लो-कोड' हा शब्द २०१४ मध्ये फॉरेस्टर या संशोधन कंपनीने रूढ केला.

त्याचा अर्थ असा की, बरेचसे भाग आधीच तयार असतात. फॉर्म, यादी, नकाशा, फोटो घेण्याचे बटण, अहवाल हे पडद्यावर उचलून हवे तिथे ठेवायचे आणि मग नियम सांगायचे. उदाहरणार्थ, मूल सहा वर्षांखालील असेल तरच अंगणवाडीचे प्रश्न दाखव. वजन नव्वद किलो लिहिले तर थांबव आणि पुन्हा विचार.

निफाडकरांना हे द्राक्षबागेवरून लगेच कळेल. मांडवाचे लोखंडी अँगल आणि तारा शेतकरी स्वतः ओतत नाही, तयार आणतो. वेल कशी वळवायची, कोणती काडी ठेवायची, एवढे तो ठरवतो. पण जिथे तार नाही तिथे वेल चढत नाही. लो-कोडचा फायदा आणि मर्यादा दोन्ही यात आल्या.

परिषदेत काय दिसले?

एका वक्त्याने अर्ध्या तासात रजेच्या अर्जाचे ॲप तयार करून दाखवले. दुसऱ्याने गोदामातला माल मोजण्याचे. हे सगळे डोळ्यांदेखत झाले. आमचा तरुण मात्र म्हणाला, "दादा, रजेचा अर्ज सगळ्या जगात सारखाच असतो. अवघड काम पुढे असतं. दोन माणसांनी एकाच वेळी एकच नोंद बदलली तर काय? एक रकाना नंतर वाढवला तर जुन्या नोंदींचं काय?" त्याला आपल्या नोकरीची काळजी वाटते का, असेही मी विचारले. तो म्हणाला की सोपी कामे त्याच्या हातून जातील, पण गुंता सोडवायला माणूस लागेलच.

माझे लक्ष दुसरीकडे होते. दाखवलेल्या प्रत्येक फॉर्मवर नाव, आडनाव, जन्मतारीख आणि पत्ता असे चार रकाने होते आणि चारही भरल्याशिवाय पुढे जाता येत नव्हते. आपल्या वस्तीवरची सून माहेरी एका नावाने ओळखली जाते आणि सासरी दुसऱ्या. बाळाचा जन्म 'पोळ्याच्या आधी दोन दिवस' एवढाच आईच्या लक्षात असतो. पत्ता तर दर काही आठवड्यांनी बदलतो. ज्याला अशी कुटुंबे माहीत आहेत तो जन्मतारखेच्या शेजारी 'अंदाजे' असा एक पर्याय ठेवील. लो-कोडचे खरे महत्त्व मला इथे दिसले. ज्याला प्रश्न ठाऊक आहे, त्याच्याच हातात फॉर्म येतो.

ही साधने कुठली?

परिषदेत मोठ्या कंपन्यांचा बोलबाला होता. मायक्रोसॉफ्टचे पॉवर ॲप्स आहे. गुगलचे ॲपशीट आहे. ती कंपनी गुगलने २०२० मध्ये विकत घेतली. आपल्या चेन्नईच्या झोहोचे क्रिएटरही आहे. पण सेवाभावी कामासाठी वेगळी साधने आहेत. २००८ मध्ये अमेरिकेतील वॉशिंग्टन विद्यापीठात 'ओपन डेटा किट' सुरू झाले. नेटवर्क नसलेल्या भागात मोबाईलवर माहिती भरता यावी हा त्याचा हेतू. याच पायावर 'कोबो टूलबॉक्स' उभे राहिले आणि जगभरच्या मदतसंस्था ते वापरतात. बंगळुरूच्या समन्वय फाउंडेशनचे 'अवनी' हे भारतातील संस्थांच्या क्षेत्रकामासाठीच केलेले आहे. मुंबईत तयार झालेले 'फ्रॅपे' हेही खुले आहे. खुले म्हणजे त्याचा कोड कोणालाही पाहता, वापरता आणि बदलता येतो.

कोबो किंवा ओपन डेटा किटमध्ये फॉर्म चक्क एक्सेलच्या तक्त्यात लिहिता येतो. एका रकान्यात प्रश्नाचा प्रकार, दुसऱ्यात नाव, तिसऱ्यात प्रश्न. मराठीसाठी आणखी एक रकाना घातला की फॉर्म मराठीत उघडतो. नोंद आधी फोनमध्येच साठते आणि रेंज मिळाली की पुढे जाते. पेठ-सुरगाण्याच्या डोंगरी पाड्यांवर याशिवाय काम होणे कठीण.

आपल्या कामाशी संबंध काय?

गोडी छाटणी सुरू झाली की पेठ, सुरगाणा, कळवण, त्र्यंबकेश्वर या तालुक्यांतील कोकणा, वारली, महादेव कोळी आणि भिल्ल कुटुंबे निफाड-पिंपळगाव पट्ट्यात उतरतात. छाटणी, डिपिंग, विरळणी आणि शेवटी खुडणी असा हंगाम उन्हाळ्यापर्यंत चालतो. टोळी एका बागेतून दुसऱ्या बागेत जाते. मुले सोबत असतात.

आता लसीकरणाचे पाहा. गोवर-रुबेलाचा पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर आणि दुसरा सोळा ते चोवीस महिन्यांत द्यायचा असतो. पहिला डोस पाड्यावर मिळतो. दुसऱ्याच्या वेळी कुटुंब द्राक्षाच्या बागेत असते. पाड्यावरच्या आशाताईंच्या यादीत मूल 'गैरहजर' असते आणि इथल्या आशाताईंच्या यादीत ते मूल नसतेच. डोस शासकीय केंद्रात मोफत मिळतो, मूल तिथून फार दूरही नसते, तरी डोस चुकतो. कारण त्याचे नाव दोन वह्यांच्या मधल्या जागेत हरवलेले असते.

शासनालाही हा प्रश्न माहीत आहे. महिला व बालविकास विभागाने २०२१ च्या अखेरीस चंद्रपूर, गडचिरोली, अमरावती, जालना, नंदुरबार आणि पालघर या सहा जिल्ह्यांत स्थलांतरितांचा मागोवा घेणारी प्रणाली प्रायोगिक तत्त्वावर आणली. गरोदर व स्तनदा माता आणि बालके गाव सोडून गेली तरी अंगणवाडीच्या सेवा त्यांना तिथे मिळाव्यात हा तिचा उद्देश. शिधापत्रिकेवर दुसऱ्या गावातही धान्य मिळण्याची सोय आहे. म्हणजे हक्क आहेत, सेवा आहेत. कोण कोणत्या बागेवर आहे हे वेळेवर कळणे, एवढीच कडी तुटलेली आहे. ती जोडायला लाखो रुपयांचे ॲप लागत नाही. दहा प्रश्नांचा एक फॉर्म पुरतो.

सावध कुठे राहायचे?

पहिली गोष्ट, माहिती कोणाची? बाप्तिस्म्याची नोंदवही पाळकसाहेब कपाटात कुलूप लावून ठेवतात, कारण त्यात मंडळीतल्या घरांचा विश्वास आहे. मोबाईलवरची नोंदही तशीच जपायला हवी. एक उदाहरण देतो. मुकादमाकडून किती उचल घेतली, हा प्रश्न फॉर्ममध्ये घालणे अगदी सोपे आहे. अहवालात तो आकडा दिसायलाही प्रभावी. पण तो फोन मुकादमाच्या हाती पडला, किंवा यादी कोणी पुढे पाठवली, तर त्या कुटुंबाला पुढच्या हंगामात काम मिळणे अवघड होईल. माहितीचा त्रास ज्याला होणार आहे त्याच्याच भल्यासाठी तिचा उपयोग ठरलेला नसेल, तर ती विचारूच नये. आधार क्रमांकाचेही तेच.

दुसरी गोष्ट, संमती. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळणी करता येईल अशी संमती सांगितली आहे. कायदा नसता तरी आईला तिच्या बोलीत समजावून विचारणे आपले काम होतेच. 'नाही' म्हणणाऱ्या आईच्या बाळालाही लसीसाठी तितक्याच आपुलकीने नेले पाहिजे.

तिसरी गोष्ट, अडकणे. अनेक कंपन्या सुरुवातीला फुकट देतात आणि माणसे किंवा नोंदी वाढल्या की दरमहा पैसे लागतात. तोवर सगळी माहिती तिथे जमा झालेली असते. म्हणून साधन घेण्यापूर्वी एक प्रश्न विचारावा: आमच्या सर्व नोंदी साध्या एक्सेलच्या फाईलमध्ये, कोणाचीही परवानगी न घेता, उद्या बाहेर काढता येतील का? उत्तर गोलमोल आले तर पुढे जाऊ नये.

चौथी गोष्ट, प्रश्नांची वाढ. कागदावर जागा संपते म्हणून प्रश्न आटोक्यात राहतात. पडद्यावर जागा संपत नाही. दिवसभर बागेत उभी राहिलेली बाई संध्याकाळी चूल पेटवत असते, तेव्हा चाळीस प्रश्न विचारणे हा तिच्यावर अन्याय आहे. आणि फोनमध्ये डोके घालून बसलेल्या कार्यकर्तीला कोपऱ्यात तापाने निपचित पडलेले मूल दिसत नाही.

मग आपण काय करणार आहोत?

नवे ॲप करून घेण्यासाठी पैसा खर्च करू नये, असे माझे मत मी समितीपुढे मांडले आणि ते मान्य झाले. येत्या गोडी छाटणीला एकाच गावाच्या शिवारात, दोन कार्यकर्त्यांनी, खुल्या साधनावर दहा प्रश्नांचा फॉर्म चालवायचा. त्यात मूळ पाडा, सध्याची बाग, मुलांची अंदाजे वये, कोणती लस झाली, कोणी गरोदर आहे का, एवढेच. उचलीचा प्रश्न नाही, आधार नाही. कुटुंबाच्या संमतीने लसीची यादी इथल्या आशाताईंना आणि मूळ पाड्यावरच्या आशाताईंना, दोघींना द्यायची. कागदी वही हंगामभर सोबत चालू ठेवायची, म्हणजे दोन्ही ताडून पाहता येतील. पुण्याचा तरुण महिन्यातून एका शनिवारी येऊन फॉर्म दुरुस्त करील. त्यासाठी त्याने मोबदला घेतलेला नाही.

हंगाम संपल्यावर आम्ही एकच आकडा मोजू: दुसऱ्या डोसची वेळ आलेल्या किती मुलांना तो वेळेवर मिळाला. तो आकडा चांगला असो वा वाईट, याच पानांवर आपल्याला कळवू. तोपर्यंत ज्यांच्याकडे चालू स्थितीतला, न वापरलेला स्मार्टफोन असेल त्यांनी तो आतील माहिती पूर्ण पुसून आपल्या पाळकसाहेबांकडे जमा करावा. आम्हाला दोन हवे आहेत.